शेवाळाचा चुना, शिंपल्यांचा चुना: ठाण्यातल्या एका भिंतीच्या नोंदी

४ जानेवारी

घर चेंदणी कोळीवाड्यातलं, बायकोच्या मावशीचं. दगडी जोतं, वर विटा, गिलावा चुन्याचा. मोरीला लागून असलेली मागची भिंत कमरेपर्यंत सुटलीय. मधल्या काळात कधीतरी तिच्यावर सिमेंट मारलं गेलं. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही, आणि आता सिमेंटचे पोपडे पडतात ते पाठीला जुना चुना घेऊनच पडतात. म्हणजे दुरुस्ती चुन्यानेच करायची, एवढं नक्की.

पडलेल्या गिलाव्याचा सुपारीएवढा तुकडा काचेच्या ग्लासात टाकला आणि वर फरशी धुवायचं ॲसिड ओतलं. भरपूर फेस आला, वास घशापर्यंत गेला (हे गॅलरीत करा, स्वयंपाकघरात नको). फेस बसल्यावर तळाशी राहिली ती वाळू आणि थोडी लालसर विटांची भुकटी, म्हणजे सुरखी. दुसरा तुकडा नुसताच फोडला. त्यात हरभऱ्याएवढा पांढरा खडा निघाला. नखाने घासला तर एका बाजूला शिंपल्यावर असतात तशा बारीक समांतर रेषा. भट्टीत नीट न भाजलेला शिंपला चुन्याबरोबर चाळणीतून निसटला आणि भिंतीत जाऊन बसला असणार.

मावशींना खडा दाखवला. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "आमच्या आज्याच्या टायमाला कालवांचाच चुना व्हायचा. दगडाचा चुना कुठून आनायचा इथं?"

७ जानेवारी

भट्टी कुठे लावायची हा पहिला प्रश्न. सोसायटीच्या गच्चीवर कोळसा पेटवला तर सेक्रेटरी मलाच त्यात घालतील. पडघ्याजवळ ओळखीच्या एकाचा म्हशींचा गोठा आहे, त्याने मागची मोकळी जागा दिली. तिथेच कोपऱ्यात मुदत संपलेल्या दोन गोण्या दिसल्या, प्रत्येकी २५ किलोच्या. खुराकात मिसळायची पावडर. दुधाच्या म्हशीला पेंड आणि दाणा जास्त झाला की पोटात आम्ल वाढतं, ते मारायला देतात. गोणीवर छापलेलं: चुनायुक्त समुद्रशेवाळ, लिथोथॅम्नियन, कॅल्शियम ३० टक्के, मॅग्नेशियम ५ टक्क्यांच्या वर, मूळ देश आइसलँड.

"न्या. नाहीतर उकिरड्यातच जाणार आहे."

शेवाळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर हिरवं बुळबुळीत काहीतरी येतं, पण हे त्यातलं नाही. लाल शेवाळांपैकी काही जाती पेशींच्या भिंतींतच चुना साठवतात, आणि तोही मॅग्नेशियम भरपूर असलेला. हातात घेतलं तर जांभळट गुलाबी खडाच वाटतो, मेल्यावर पांढरा पडतो. १८३७ साली फिलिप्पी या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने या वनस्पतीच आहेत हे दाखवून लिथोथॅम्नियन हे नाव दिलं. त्याआधी बरेच जण यांना प्रवाळाच्या जातकुळीतले प्राणी समजत. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर यांचे सुटे फुटवे समुद्राच्या तळाशी थरच्या थर साचतात. त्याला तिकडे मेर्ल म्हणतात. फ्रान्समधल्या ब्रिटनीचे शेतकरी आम्लधर्मी जमिनीत ते पिढ्यान्‌पिढ्या टाकत आले.

कॅल्शियम ३० टक्के म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट साधारण ७५ टक्के. एवढ्यावर चुना निघायलाच हवा. ठरवलं, निम्मा चुना शिंपल्यांचा आणि निम्मा शेवाळाचा करायचा, दोन्हींच्या पट्ट्या एकाच भिंतीवर शेजारी शेजारी मारायच्या आणि बघायचं.

११ जानेवारी

ज्याला सांगतो तो विचारतो, आइसलँड कशाला, आपल्या समुद्रात हे नाही का? आहे. ॲम्फिरोआ आणि जानिया ही चुनायुक्त लाल शेवाळं कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांत दिसतात. पण ती बोटाच्या पेराएवढ्या, सांधेसांधे असलेल्या काड्यांची झुडपं. मूठभर वाळवली तर वजनाला काहीच भरत नाहीत, आणि ती उपटली तर त्यांच्यात राहणारे बारीकसारीक जीवही गेले. ठाण्याच्या खाडीत तर प्रश्नच नाही: गाळ, गढूळ पाणी, तिवरं. या शेवाळाला चिकटायला खडक आणि तळापर्यंत पोचणारा उजेड लागतो. शिवाय खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. तिथून शिंपलेसुद्धा उचलायचे नाहीत.

आणखी एक. किनाऱ्यावर सापडलेला पांढरा खडबडीत दगड शेवाळाचा आहे की प्रवाळाचा, हे नवख्याला कळत नाही. खडकाळ प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे "चुन्यासाठी गोळा केलं" हे उत्तर चालणार नाही.

शिंपले मिळाले नौपाड्यातल्या एका मालवणी खानावळीतून. दोन रविवारच्या तिसऱ्यांचे (तिसऱ्या म्हणजे खाण्याचे लहान शिंपले), फुकट. फुकट म्हणजे खोबऱ्याच्या वाटणासकट. धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवले, पाणी ओतलं, पुन्हा भिजवले. तीन दिवस गच्चीवर वाळवताना कावळ्यांनी अर्धी सोसायटी सजवली.

१८ जानेवारी

भट्टी: तेलाचा लोखंडी पिंप अर्ध्यावर कापून, आतून फायर ब्रिकचा एक थर, फटींत माती आणि शेण. तळाशी गजांची जाळी, तिच्याखाली पाइप, पाइपला लोहाराकडचा हाताने फिरवायचा भाता. फायर ब्रिक कल्याणच्या भंगारवाल्याकडून जुन्या घेतल्या, ६०० रुपये. कोळसा २० किलो, १,१०० रुपये.

पहिला दिवस शिंपल्यांचा. एक थर कोळसा, एक थर शिंपले, असं वरपर्यंत. पेटल्यावर अर्ध्या तासात लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला आणि शिंपल्यांचे कपचे बाहेर उडायला लागले. तिसऱ्यांचा शिंपला अरागोनाइट या रूपातल्या चुनखडीचा असतो. तापताना तो कॅल्साइटमध्ये बदलतो, फुगतो आणि तडकतो. कालवांचा शिंपला मुळात कॅल्साइटचाच, तो असा उडत नाही. पुन्हा करायचं झालं तर कालवंच घेईन. तोवर पिंपावर पत्र्याचं सैल झाकण, आणि डोळ्यांवर गॉगल. एक कपचा गॉगलवर येऊन आपटला, म्हणून हे वाक्य वाचून सोडून देऊ नका.

चार तास भाता मारला. मधला भाग लालच्या पुढे जाऊन नारिंगी झाला, कडेचा नाही. थंड झाल्यावर आधी मोजून ठेवलेल्या एक किलो शिंपल्यांचे ६१० ग्रॅम भरले. शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड होऊन जातं, म्हणजे ५६० च्या आसपास उरायला हवं होतं. कडेचे शिंपले कच्चे राहिले. ओळखायची सोपी खूण: भाजलेला शिंपला बोटांत चुरतो आणि वजनाला हलका लागतो, कच्चा टणक राहतो आणि ॲसिडच्या थेंबाला फसफसतो. कच्चे निवडून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकले.

१९ जानेवारी

शेवाळाची पावडर याच भट्टीत घालायचा प्रयत्न पूर्ण फसला. मैद्याहून जराशीच जाड अशी ही पावडर. कोळशाच्या थरावर पसरली तर निम्मी भात्याच्या वाऱ्याने उडाली (म्हशी दिवसभर पांढऱ्या दिसत होत्या) आणि उरलेली कोळशाच्या फटींत बसून हवा अडली. भट्टी गुदमरली. वीस मिनिटांत वरचा कोळसा काळा पडला.

मग भाताच्या पेजेत पावडर मळून लिंबाएवढे गोळे केले, उन्हात वाळवले.

२२ जानेवारी

गोळे वाळून छान खणखणीत झाले होते. भट्टीत लालभडक होईपर्यंत टिकलेही. पण पेज जळून गेल्यावर गोळ्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. वरच्या कोळशाचं वजन आलं की गोळा फुटतो आणि चुना जाळीतून राखेत. राखेतून चुना वेगळा काढायला चाळण उपयोगाची नाही, दोन्ही सारखेच बारीक. जे थोडे गोळे अख्खे निघाले ते बाहेरून पांढरे आणि आत करडे. करडा रंग म्हणजे शेवाळातल्या सेंद्रिय भागाचा कोळसा, तो अजून जळलेला नाही, म्हणजे आतपर्यंत उष्णता पोचली नाही. वास जुन्या सुकटीच्या पिशवीला आग लागल्यासारखा.

कुणी मेर्लचे सुटे खडे मिळवून हे करणार असेल तर भट्टीत अडचण येऊ नये, कारण खड्यांतून हवा खेळते. पावडरीला मात्र कोळशाची भट्टी नाही. याच्यावर अजून कोळसा घालवण्यात अर्थ नव्हता.

२७ जानेवारी

नेरूळला एक सिरॅमिक स्टुडिओ आहे, तिथे विजेची भट्टी भाड्याने मिळते. तापमान आकड्यावर ठरवता येतं, वारा नाही, राख नाही. स्टुडिओवाल्या ताईंनी पावडर चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि म्हणाल्या, "खारट आहे. हे माझ्या भट्टीत जाणार नाही." मिठाची वाफ भट्टीच्या तारा खाते, आणि तारा बदलायचा खर्च माझ्या अख्ख्या प्रकल्पाहून मोठा. मीठ धुऊन आणलं तर चालेल, पण ते गेल्याचा पुरावा हवा.

मीठ काढायचंच होतं, भट्टीसाठी नाही तर भिंतीसाठी. मिठाचा गिलावा पावसाळ्यात ओल ओढतो आणि उन्हाळ्यात फुलतो. खाडीकाठच्या घराला ते आयतंच भरपूर आहे, आपण आणखी कशाला घाला.

३ फेब्रुवारी

या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ धुण्याने खाल्ला. पद्धत: बादलीत १० किलो पावडर, वर पाणी, काठीने ढवळायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी नळीने काढायचं. बारीक कण खाली बसायला तास नि तास लागतात. घाई करून बादली कलती केली की पांढरं पाणी म्हणजे आपला मालच गटारात.

मीठ गेलं की नाही हे चवीने शेवटपर्यंत कळत नाही. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून छोटी बाटली आणली, ४५० रुपये. निवळलेल्या पाण्यात दोन थेंब टाकायचे. क्लोराइड असेल तर दुधासारखा पांढरा ढग येतो, नसेल तर पाणी स्वच्छ राहतं. पहिल्या दिवशीच्या पाण्याचं अक्षरशः ताक झालं.

पुढे एक घोळ झाला. धुणं संपेना, ढग येतच राहिला. मग नुसत्या नळाच्या पाण्यात थेंब टाकून पाहिले, तर तिथेही हलका ढग! नळाच्या पाण्यातच थोडं क्लोराइड असतं, त्यामुळे त्याने कितीही धुतलं तरी चाचणी स्वच्छ येणारच नाही. यावर उपाय म्हणजे नळाच्या पाण्याचा ढग आणि बादलीतल्या पाण्याचा ढग शेजारी धरून सारखा दिसेपर्यंत धुवायचं, आणि शेवटचं एक धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने. पाच लिटरचे दोन कॅन पुरले. त्यानंतरच्या पाण्यात ढग जेमतेम दिसला. दोन्ही ग्लासांचा फोटो ताईंना पाठवला, होकार आला.

सिल्व्हर नायट्रेट हाताला लावून घेऊ नका. लागलं तेव्हा काही दिसत नाही, संध्याकाळपर्यंत बोट काळं. मतदानाच्या शाईत हेच असतं, त्यामुळे आठवडाभर सगळे विचारत होते, ठाण्यात कुठली पोटनिवडणूक लागली.

९ फेब्रुवारी

विजेची भट्टी. पहिल्या भाजणीतल्या, झिलई न केलेल्या मातीच्या पसरट थाळ्या ताईंनी दिल्या. पावडरीचा थर दोन बोटांपेक्षा जाड ठेवला नाही, नाहीतर खालच्या थरातला वायू बाहेर पडत नाही. तापमान तासाला १०० अंशांनी वाढवत ९०० पर्यंत, तिथे तीन तास. झरोका पूर्ण उघडा आणि स्टुडिओची खिडकीही. कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत साठू देऊ नका. ५०० अंशांच्या खाली सुकटीचा वास आला, मग गेला.

दुसऱ्या दिवशी उघडलं तर थाळ्यांत दुधासारखी पांढरी, भुसभुशीत पावडर. एक किलोचे ५३० ग्रॅम. शिंपल्यांपेक्षा घट जास्त, आणि तसंच व्हायला हवं: मॅग्नेशियम कार्बोनेटमधून वायू वजनाच्या ५२ टक्के जातो, वर ओल आणि सेंद्रिय भाग. ॲसिडच्या थेंबाला फसफस नाही. दोन भाजण्या मिळून सव्वाचार किलो कळीचा, म्हणजे भाजलेला पण अजून पाणी न लागलेला, चुना हाती आला. भाडं ३,६००. इथेच हिशोब बोंबलला, पण ते पुढे.

भाजलेला चुना लगेच झाकणबंद डब्यात. मुंबई-ठाण्याच्या हवेत तो उघडा राहिला तर दोन दिवसांत ओल घेऊन आपला आपण विरतो, आणि तो विरलेला कामाचा नसतो.

११ फेब्रुवारी

चुना विरवणे, म्हणजे भाजलेला चुना पाण्यात टाकून त्याचा लगदा करणे. लोखंडी घमेलं किंवा स्टीलची बादली घ्या. जर्मनचं पातेलं अजिबात नको. चुना ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. प्लास्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते. नेहमी पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही.

शिंपल्यांचा चुना पाण्यात पडल्यावर दोनेक मिनिटं गप्प, मग सुरसुर, मग खदखदून उकळी. बघायला मजा येते. शेवाळाचा चुना बारीक पावडर असल्याने क्षणभरही थांबला नाही. पहिलीच वाटी टाकली आणि चटकन फुत्कार येऊन शिंतोडे कोपरापर्यंत उडाले. पुढचं सगळं चमच्या-चमच्याने, लांब दांडीच्या पळीने. गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. डोळ्यात गेला तर चोळू नका, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धरा आणि थेट डॉक्टर गाठा.

एवढ्या झटपट विरला म्हणून तो पूर्ण विरला असं नाही. उकळला तो कॅल्शियमचा भाग. भाजलेल्या मालात सहातला एक भाग मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) आहे, आणि मॅग्नेशिया पाणी फार सावकाश घेतो. तो भाग भिंतीत गेल्यावर विरू लागला तर फुगून गिलाव्याला फोड येतात. म्हणून दोन्ही चुने चाळून पिंपांत मुरत ठेवले, वर चार बोटं पाणी.

१९ मार्च

पाच आठवडे मुरल्यावर पिंप उघडले. मिस्त्री कळव्याचे, सत्तरीचे. तरुणपणी वसईकडच्या जुन्या घरांवर चुन्याचं काम केलेले, त्यामुळे त्यांना घाणी (चुना मळायची चक्की), संदला (वरचा गुळगुळीत थर), हिरड्याचं पाणी हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, उलट तेच मला सांगतात. शेवाळाचा चुना थापीवर घेऊन त्यांनी थापी उभी केली. चुना घसरला नाही. मग अंगठ्याने पसरवला. "सर, लोणी आहे हे. असा चुना आता बघायला मिळत नाही."

मॅग्नेशियम असलेला चुना थापीला गुळगुळीत लागतो, त्यामुळे मिस्त्रींचं म्हणणं बरोबरच. शिंपल्यांचा चुना त्यापुढे रवाळ होता, त्यात चाळणीतून निसटलेले बारीक कण लागत होते.

मागच्या भिंतीवर तीन पट्ट्या, प्रत्येकी दोन फूट रुंद, जमिनीपासून चार फूट उंच. डावीकडे शिंपल्यांचा चुना, मध्ये शेवाळाचा, उजवीकडे बाजारातल्या गोणीतला विरलेला चुना, तोही भिजवून मुरवलेला. तिन्हींना एक भाग चुना, दोन भाग धुतलेली वाळू, एक भाग सुरखी. मिस्त्रींना गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचंच होतं. मी नको म्हटलं, तिन्ही पट्ट्या साध्याच हव्यात, नाहीतर फरक कशाचा हे कळणार नाही. ते दुपारपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले.

भिंत आदल्या दिवसापासून भिजवलेली. थर पाऊण इंचाच्या आत. गुरमाळ्याने दाबून घेतल्यावर वर ओलं गोणपाट. उन्हाळ्यात चुन्याचं काम करताना याला पर्याय नाही. दिवसातून तीन वेळा पाणी मारायचं काम मावशींनी अंगावर घेतलं. "तुमच्या भितीला मी न्हाऊ घालते, मला कोन घालनार?"

२ एप्रिल

गोणपाट काढलं. बाजारच्या चुन्याच्या पट्टीला केसासारख्या भेगा, वरच्या कोपऱ्यात. शिंपल्यांच्या पट्टीला एक फोड, मसूराएवढा: मध्ये पांढरा कण, भोवती गोल खपली. दुसऱ्या भाजणीतूनही काही राहून गेलं होतं ते उशिरा विरलं. त्या चुन्याला आणखी बारीक चाळण हवी होती. शेवाळाची पट्टी मात्र एकसंध, ना भेग ना फोड. मिस्त्री खूष. मीसुद्धा.

२० एप्रिल

मधल्या पट्टीच्या खालच्या फूटभर भागावर पांढरी फुली, म्हणजे क्षारांचा फुलोरा, आलीय. कापसासारखी, बोटाने पुसली जाते, तीन दिवसांत परत येते. शेजारच्या दोन्ही पट्ट्यांवर त्याच उंचीला काही नाही. म्हणजे भिंतीतलं मीठ असतं तर तिन्हींवर दिसलं असतं. हे मधल्या चुन्यातूनच आलेलं.

मीठ म्हणावं तर क्लोराइड धुतलं होतं. फुली कागदावर झटकून घेतली आणि जिभेच्या टोकाला लावली. खारट नाही, कडू. (भिंत चाटायचा सल्ला कुणाला देत नाही, पण खारट आणि कडू यांत इथे फार फरक आहे.) कडू म्हणजे बहुधा मॅग्नेशियम सल्फेट, जुलाबाचं मीठ. लाल शेवाळांच्या पेशीभिंतीतल्या साखरेच्या साखळ्यांना सल्फेट जोडलेलं असतं. भाजताना सेंद्रिय भाग जळतो, सल्फेट मागे राहू शकतं, आणि शेजारी मॅग्नेशियम तयारच बसलेलं. माझी सगळी चाचणी क्लोराइडची होती. सिल्व्हर नायट्रेटच्या स्वच्छ ग्लासाने सल्फेटबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

भाजल्यावर पुन्हा धुवायचं का? तसं केलं तर आधी चुनाच विरतो, आणि विरलेल्या चुन्याचं पाणी प्रत्येक वेळी ओतून दिलं तर निवळीबरोबर थोडा थोडा चुनाही जातो. भिंत कोरडी असती तर ही फुली चालवून घेतली असती. चेंदणीत कोरडी भिंत मिळणं अवघड.

३ मे

पट्ट्या कोपऱ्यात खरवडून फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना जिथे पुन्हा दगड झाला तिथे रंग येत नाही, जिथे अजून चुनाच आहे तिथे गुलाबी. शिंपल्यांची पट्टी वरून सहा-सात मिलिमीटरपर्यंत बिनरंगी. शेवाळाची तीन-चार मिलिमीटरच, आत फिकट गुलाबी. मात्र हे वाचन आहे तसं घेऊ नका, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडही या थेंबाला गुलाबी करतं. नखाला मात्र शिंपल्यांची पट्टी स्पष्टपणे जास्त टणक लागते.

१० मे

हिशोब. शेवाळाच्या सव्वाचार किलो कळीच्या चुन्याला: भट्टीभाडं ३,६००, सिल्व्हर नायट्रेट ४५०, डिस्टिल्ड वॉटर २५०, पडघा आणि नेरूळच्या फेऱ्या वेगळ्या. पावडर फुकट असूनही किलोला हजाराच्या वर. शिंपल्यांचा चुना भट्टी आणि कोळसा धरून किलोला दीडशेच्या आसपास, आणि भट्टी अजून शाबूत असल्याने पुढचा त्याहून स्वस्त. बाजारची २५ किलोची गोणी ४०० ला.

पैसे बाजूला ठेवले तरी शेवाळ भाजणं मला आता पटत नाही. ते वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. त्याचं जवळपास अर्धं वजन भट्टीच्या झरोक्यातून सोडून द्यायचं, आणि उरलेल्याला शिंपल्यांच्या चुन्याइतकीही किंमत येत नाही. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे सहा लाख टन मेर्ल समुद्रातून उपसलं जायचं. इंग्लंडमध्ये फालमथजवळचा उपसा २००५ मध्ये थांबला. त्या थरांत माशांची आणि शिंपल्यांची पिल्लं वाढतात, आणि एकदा उपसलेला थर माणसाच्या आयुष्यात परत भरत नाही.

मुख्य म्हणजे ज्या कामाला हे शेवाळ खरोखर चांगलं आहे, त्याला ते भाजावंच लागत नाही. त्याची रचना सच्छिद्र, त्यामुळे आम्लात ते कच्चंच पटकन विरघळतं. म्हशीच्या पोटात तेच, ब्रिटनीच्या शेतात तेच, आणि तिकडे आम्लधर्मी पिण्याचं पाणी त्यातून गाळायचे तेही याच गुणावर. करून पाहिलं: एका वाटीत शिंपल्यांची भुकटी, दुसरीत शेवाळाची न भाजलेली पावडर, दोन्ही एकाच चाळणीने चाळलेल्या, वर सारखंच व्हिनेगर. शेवाळाची वाटी फसफसून बसली तेव्हा शिंपल्यांची वाटी जेमतेम अर्ध्यावर होती.

दुसरी गोणी न फोडता सावंतवाडीला मेहुण्याकडे चाललीय. त्याच्या जांभ्याच्या मातीचा पीएच पट्टीवर साडेपाचच्या आसपास येतो. आंब्याच्या नव्या खड्ड्यांत थोडी थोडी घालणार, एका ओळीत नाही घालणार. मीठ असल्याने एकदम जास्त नको, आणि पावसाच्या तोंडावर घातली तर पाऊसच धुऊन काढील.

१७ मे

मधली पट्टी खरवडून काढली. खालचा भाग हाताने निघाला, वरच्या भागाला छिन्नी लागली. त्या जागी शिंपल्यांचा चुना, या वेळी गूळ आणि हिरड्याच्या पाण्यासह. मिस्त्री पुन्हा मोकळेपणाने बोलायला लागले.

उरलेली भिंत दिवाळीनंतर. तोवर कालवांचे शिंपले जमवायचे आहेत, तिसऱ्यांचे नकोत. चाळण बदलायची: या वेळची पिठाची होती, पुढच्या वेळी मैद्याची. पिंपात शेवाळाचा मुरलेला चुना अजून चारेक किलो आहे. माळ्यावरच्या कोरड्या खोलीत, जिथे ओल चढत नाही, तिथे छताखालच्या पट्ट्याला मिस्त्री तोच वापरणार आहेत, कारण थापीला तसा दुसरा नाही असं त्यांचं म्हणणं. पावसाळाभर त्याच्यावर चार बोटं पाणी राहील हे बघायचं काम मावशींकडे.